घर, सरकार, शेगडी

दुपारचे तीन वाजले आणि बंद घरात कुठूनतरी पीप्-पीप्, पीप्-पीप् असा बारीक आवाज सुरू झाला. सुनीती ईश्वरीच्या शाळेच्या फ्रॉकला बटण लावत होती. सुई अर्ध्यातच थांबली. ईश्वरी आत झोपली होती, शकुबाई भांडी उरकून दिवाळे गावात घरी परत गेली होती, पंखासुद्धा हळू ठेवलेला. आणि एवढ्या शांततेत तो आवाज असा येत होता, की कुणीतरी घसाही न खाकरता, अदबीनं, आपण आहोत एवढंच कळवत असावं. ती उठलीच. स्वयंपाकघरात जाऊन तिनं पेल्यात पाणीसुद्धा ओतलं. बाबांची तीनची गोळी. मग तिच्या लक्षात आलं की बाबांना जाऊन सतरा दिवस झाले, आणि हातातला भरलेला पेला आता कुठे ठेवावा हे तिला बराच वेळ कळेना.

आवाज ट्रंकेतून येत होता; इतके दिवस माणसांच्या वर्दळीत तो कुणाला ऐकूच आला नसावा. त्या पहिल्या गोंधळाच्या दिवसांत मितेशनं, तिच्या नवऱ्यानं, बाबांचं घड्याळ, चष्मा, कंगवा असलं सगळं एका पिशवीत भरून ट्रंकेत टाकलं होतं, तिच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. काळी, पत्र्याची ट्रंक. बाबांच्या बदल्यांबरोबर पंजाब, आसाम, जोधपूर, बंगलोर, दिल्ली असं हिंडून शेवटी बेलापूरच्या या सातव्या मजल्यावर येऊन टेकलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, जयप्रकाश वामन साठम, आणि नावाच्या आधी हुद्दा. बढती झाली की बाबा जुन्या हुद्द्यावर काळा रंग फिरवायचे आणि पट्टी लावून नवा हुद्दा लिहायचे, स्वतःच्या हातानं. हे काम त्यांनी कधी ऑर्डर्लीला करू दिलं नाही. त्यामुळे त्या जागी रंगाचा थर जाड झाला होता. दुपारचं तिरपं ऊन आलं की ‘एअर मार्शल’च्या खालून आधीचे सगळे हुद्दे फुगून वर यायचे. लहानपणी सुनीती डोळे मिटून त्यावर बोट फिरवायची. स्क्वाड्रन लीडर. फ्लाइट लेफ्टनंट. पार खाली, बोटालाच कळेल असा, बावीस वर्षांचा कुणी पायलट ऑफिसर, ज्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ट्रंक आज उघडायचीच होती. उद्या सकाळी बाबांच्या जुन्या स्क्वाड्रनमधून एक अधिकारी यायचा होता. तिथे म्हणे जुन्या लोकांच्या वस्तूंसाठी एक खोली केली आहे. बाबांचा गणवेश, पदकं आणि उड्डाणांच्या नोंदवह्या काचेच्या कपाटात राहतील. फोनवर तो फार आदरानं बोलला होता. मॅम, सरांची लॉगबुक्स मिळाली तर आमचं भाग्य. ती हो म्हणाली होती, आणि तेव्हापासून रोज ट्रंकेला वळसा घालून जात होती. त्यात आज साडेचारला, दर ईदला घरी येणाऱ्या तळोज्याच्या अम्मा भेटायला येणार होत्या. म्हणजे हातात दीड तास. ईश्वरी उठली तर तोही नाही. तिनं पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, फ्रॉक सुईसकट ट्रंकेशेजारच्या खुर्चीवर टाकला आणि कडी वर केली. डांबराच्या गोळ्यांचा आणि बुटाच्या पॉलिशचा वास आला. आवाज मोठा झाला, पण तळातून येत होता. पिशवी खाली घसरली असावी. एकेक वस्तू बाहेर काढत ती फरशीवर ठेवू लागली, आणि दहा-बारा वस्तू झाल्यावर तिला दिसलं की आपण ढीग केले आहेत. तीन.

घर, सरकार, शेगडी. हा त्यांच्या घरातला खेळ होता. दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा कागद आला की बाबा फरशीवर खडूनं तीन गोल काढायचे आणि सहा-सात वर्षांची सुनीती आपली खेळणी, वह्या, शिंपले, काचेचे तुकडे असा सगळा संसार घेऊन मधे बसायची. आपल्याबरोबर न्यायचं ते घर. परत करायचं ते सरकार. म्हणजे वाचनालयाची पुस्तकं, शेजारच्यांची बाहुली, मेसचा चमचा. आणि ज्याची कुणाला गरज नाही ते शेगडी. बाबा प्रत्येक वस्तू हातात घेऊन गंभीरपणे विचारायचे, ‘हं, बोला मॅडम, कुठल्या ढिगात?’ तिनं उत्तर दिलं की वाद नाही. फक्त एकदाच वाद झाला होता. कुणातरी मैत्रिणीनं तिला चिठ्ठी लिहिली होती, तू मला आवडत नाहीस, अशी. ती चिठ्ठी तिनं घरच्या ढिगात ठेवली. बाबांनी ती हळूच उचलून शेगडीत टाकली. आई म्हणाली, अहो, तिची आहे ना ती. बाबा म्हणाले, दुखवणारं कशाला जवळ ठेवायचं. पुढे ईश्वरी बोलायला लागली तसा हा खेळ तिच्याकडे आला. शेगडी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, गॅसवर वाढलेलं पोर. पण शब्द तिला आवडायचा, आणि न आवडलेली भाजीसुद्धा ती ताटाच्या कडेला सारून म्हणायची, ही शेगडी.

खेळ आला कुठून हे सुनीतीला कळलं ते आई गेली तेव्हा. आईचं, उज्वलाबाईंचं, कपाट बाबांनी एका दुपारीत रिकामं केलं. साड्या घर. बँकेचे, इस्पितळाचे कागद सरकार. आणि अकरा डायऱ्या त्यांनी लोखंडी बादलीत घालून सोसायटीच्या गच्चीवर जाळल्या. धूर बघून वॉचमन धावत वर आला, मार्शलसाहेबांना बघून सलाम ठोकून तसाच उतरला. सुनीती पोचली तेव्हा बाबा काठीनं राख हलवत होते. ती संतापून काहीबाही बोलली. ते ऐकत राहिले आणि मग सांगू लागले, जन्मात कधी सांगितलं नव्हतं असं. त्यांच्या नोकरीत, वैमानिक गेला की पहिल्यांदा त्याच्या खोलीला कुलूप लागतं. मग दोघा-तिघा अधिकाऱ्यांची समिती नेमतात. ते कुलूप उघडून त्याची एकूण एक वस्तू बघतात. गणवेश, हेल्मेट, सरकारी असेल ते परत. बाकीचं घरी पाठवायचं. पण त्याआधी प्रत्येक कागद वाचायचा, प्रत्येक खिसा उलटा करायचा. आणि आईला, बायकोला बघून दुःख होईल असं काही निघालं, कुणा मुलीचं पत्र, उधारीचा कागद, नको तो फोटो, तर ते तिथल्या तिथे शेगडीत. कुठे नोंद नाही, कुणाला सांगायचं नाही. पोरगा घरी जाताना स्वच्छ गेला पाहिजे. बाबा तरुणपणी चार वेळा अशा समितीवर होते. चार खोल्या. तिनं विचारलं होतं, आईनं काय लिहिलं होतं? ते म्हणाले, मी वाचलं नाही. मग जाळलंत कशाला? तेव्हा बादलीतल्या राखेकडे बघत ते म्हणाले होते, ‘वाचलं असतं तर जाळता आलं नसतं.’

गणवेशाचा कोट तिनं सरकारवर ठेवला. छातीवरच्या पदकांच्या पट्ट्या तिला कधीच पाठ झाल्या नाहीत. कुठली सेवेची, कुठली शौर्याची. पण शोकसभेला सगळ्यांनी त्यांच्या शौर्याबद्दल नाही, वेगळंच काही सांगितलं. सोसायटीच्या हॉलमध्ये निळे ब्लेझर घालून आलेले म्हातारे, कुणी काठी टेकत, कुणी बायकोच्या हाताला धरून. प्रत्येकाकडे तीच गोष्ट. जयप्रकाश साठम जिथे जिथे तळाचे प्रमुख होते तिथे तिथे पहाटेच्या उड्डाणाआधी ते स्वतः वैमानिकांच्या खोलीच्या दाराशी उभे असायचे. एवढा मोठा अधिकारी. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: झोप झाली का? जो क्षणभर अडखळला त्याचं नाव त्या दिवशीच्या यादीतून कमी. कारण विचारायचं नाही, कागदावर काही यायचं नाही, दुसऱ्या दिवशी चेष्टा करायची नाही. त्यापायी साहेबांनी वरून बोलणी खाल्ली, एक बढती दोन वर्षं लांबली म्हणतात, पण सवय सोडली नाही. आज इथे बसलेल्यांपैकी निदान तीन जण त्या प्रश्नामुळे जिवंत आहेत, असं एक जण म्हणाले आणि खाली बसले. घरातही तेच होतं. सकाळी चहाच्या आधी, दाराची बेल वाजवणाऱ्या दूधवाल्याला, लग्नाच्या दिवशी बोहल्यावर चढायच्या आधी मितेशला. शकुबाई पदरानं नाक पुसत म्हणाली होती, ‘सायेब मना रोज इचारायचा, झोप झाली का गो? माज्या दाल्ल्यानं कदी इचारला नाय.’ नवऱ्यावरच्या त्या टोमण्याला सगळे हसले होते, ओल्या डोळ्यांनी. आणि सुनीतीला आठवलं होतं ते शेवटचं. जायच्या आठ दिवस आधी रात्रभर खोकून खोकून थकलेले बाबा सकाळी तिला म्हणाले, झोप झाली का बाळ, आणि ती, रात्रभर त्यांच्या आणि तापलेल्या ईश्वरीच्या मधे फेऱ्या घातलेली, पटकन बोलून गेली होती, तुम्ही झोपू दिलंत तर होईल ना. ते ओशाळे होऊन हसले होते. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. ते आठ दिवस तिला आता मोजता येत होते.

घड्याळ नोंदवह्यांच्या खाली सापडलं. बटण दाबलं तसा आवाज थांबला आणि शांतता आधीपेक्षा दाट झाली. खाडीपलीकडून, उलव्याच्या बाजूनं, नव्या विमानतळावरचं एखादं विमान उठत होतं. काचा किंचित थरारल्या. शेवटचे काही आठवडे बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून बसत. ईश्वरी ओरडायची, आबा, बघा, बघा, केवढं मोठ्ठं! पण ते वर बघतच नसत. डोळे मिटून ऐकत. इंजिनाचा आवाज चढत जायचा, चढत जायचा, मग एका उंचीवर जाऊन सपाट व्हायचा, आणि तेव्हा कुठे ते धरून ठेवलेला श्वास सोडत. दिवसातून किती वेळा. सुनीतीला वाटायचं, म्हातारपणी आपल्या जुन्या आयुष्याची चव घेताहेत.

नोंदवह्या पाच होत्या, निळ्या कापडी बांधणीच्या. तिनं सहज एक उघडली. इंग्रजीतलं ते बारीक, सरळ, मुद्रितासारखं अक्षर: तारीख, विमानाचा नंबर, काम, वेळ. चाळीस मिनिटं. एक तास पाच. पंचावन्न मिनिटं. एका माणसाचं आयुष्य असं मिनिटांच्या रांगेत मांडलेलं, आणि त्या रांगांत कुठेही ती नव्हती, आई नव्हती, पाऊस नव्हता. तिसऱ्या वहीत एका ठिकाणी पानं आपोआप उघडली. मधे एक आंतरदेशीय पत्र होतं, कडा पिवळट झालेलं, न चिकटवलेलं, तिकिटावर शिक्का नसलेलं. वर पत्ता मराठीत: श्रीमती शमसुन्निसा, तळोजे, तालुका पनवेल. पाठवणाऱ्याच्या जागी: फ्लाइट लेफ्टनंट मुझम्मिल.

शमसुन्निसा म्हणजे अम्मा, आणि मुझम्मिल त्यांचा मुलगा. त्याचा फोटो बाबांच्या टेबलावर कायम होता. कपाळावर केस आलेला, पंचविशीचा, हसताना एक खांदा उंच करणारा. आसामातल्या तळावर बाबा स्क्वाड्रन लीडर होते तेव्हा तो त्यांच्या हाताखाली होता. पनवेलला मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे घरापासून दोन हजार किलोमीटरवर दोघंच आपसांत मराठीत बोलायचे. अठ्ठ्याऐंशी साली एका दुपारी त्याचं विमान चहाच्या मळ्यात कोसळलं. सुनीती तेव्हा जन्मलीही नव्हती. शवपेटी घेऊन तळोज्याला गेले ते बाबाच. पक्षी धडकला, अम्मा. क्षणात झालं, त्याला कळलंसुद्धा नाही, असं सांगणारेही बाबाच. चौकशीत नक्की कारण निघालं नव्हतं हे तिनं कधीतरी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, पण मुलाच्या आईला काय सांगायचं, नक्की कारण कळलं नाही, असं? निवृत्त झाल्यावर बाबांनी आपल्या गावी, पेणला, घर न करता बेलापूरला केलं, तळोजे जवळ पडतं म्हणून, हे आई चिडवल्यासारखं सांगायची. दर ईदला अम्मा गोड सांदणांचा डबा घेऊन यायच्या. बाबा त्यांच्यासमोर मोजे घालून, ताठ बसायचे. निघताना अम्मा न चुकता विचारायच्या, काय लिवून ठेवला नव्हतान ना रे त्याने? आणि बाबा म्हणायचे, नाही अम्मा. काही नव्हतं. हातात ट्रे घेऊन उभ्या सुनीतीनं हे बारा-तेरा वर्षं ऐकलं होतं, देवळातल्या घंटेसारखं, लक्ष न देता.

तिनं पत्र उघडलं. उघडताना तिला वाटलं, हे आपलं नाही. तरी उघडलं.

‘प्रिय अम्मा, दुवा-सलाम. मी मजेत आहे असं मागच्या पत्रात लिहिलं ते खरं नव्हतं. तीन आठवडे झोप नाही. डोळे मिटले की जमीन वर येताना दिसते. इथे कुणाला असलं सांगायची पद्धत नाही, पण काल साठम सरांना सांगितलं. सर म्हणाले, प्रत्येकाला होतं, मलाही झालं होतं. उडणं थांबवलंस तर ती गोष्ट कायमची बसेल, चार दिवस उडत राहा, आपोआप जाईल. सर मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. तू काळजी करू नको. उद्या दुपारी जायचं आहे. आलो की हे पत्र पुरं करतो. अफिफाला सांग’

पुढे काही नव्हतं. अफिफा म्हणजे त्याची बहीण. तिला काय सांगायचं होतं ते कागदाच्या पांढऱ्या भागात तसंच राहिलं होतं.

वहीच्या त्या पानावर अपघाताच्या तारखेला बाबांची एकच नोंद होती. काम: शोध. वेळ: पन्नास मिनिटं. त्यानंतर सहा दिवस रिकामे, आणि सातव्या दिवसापासून पुन्हा तेच अक्षर, तितकंच सरळ. सुनीती त्या अक्षरात थरकाप शोधत राहिली, एका तरी आकड्याची शेपटी वाकडी असेल म्हणून. नव्हती. म्हणजे त्या सहा दिवसांत कधीतरी समिती बसली असेल. कुलूप उघडलं असेल. बाबांनी टेबलावरचं हे पत्र उचललं असेल आणि नियमाप्रमाणे वाचलं असेल, वाचावंच लागतं; आणि त्यात स्वतःचं नाव. बाजूला शेगडी पेटलेली. दुखवणारं घरी जाऊ द्यायचं नाही, हे खरं. पण हे पत्र कुणाला दुखवणारं होतं? अम्माला, की साठम सरांना? त्या एका क्षणी त्यांना स्वतःला तरी ते कळलं असेल का? त्यांचे वडील, वामनराव, पेणच्या टपाल कचेरीत तीस वर्षं पोस्टमास्तर. बाबा फार अभिमानानं सांगायचे, आजोबांनी एकदा भर लग्नघरात मरणाची तार नेऊन दिली. लोक म्हणाले, मास्तर, मंगळसूत्र होईपर्यंत तरी थांबायचं. आजोबा म्हणाले, ज्याच्या नावाची आहे त्याची आहे. थांबवणारा मी कोण. त्यांचा हा मुलगा एक पत्र अडतीस वर्षं थांबवून बसला होता. पाठवलं नाही. जाळलंही नाही. प्रत्येक बदलीत खडूनं तीन गोल काढले आणि हे पत्र एकाही गोलात न ठेवता ट्रंकेच्या तळाशी नेलं. आणि रोज सकाळी, भेटेल त्याला, झोप झाली का. हॉलमधले ते ओले डोळे तिला आठवले. वाचलेले तीन जण आठवले. ते खोटं होतं का? नाही, ते खरंच होतं; तीन माणसं घरी गेली, त्यांना पोरंबाळं झाली. पण आता तो प्रश्न तिच्या कानात वेगळाच वाजत होता. बाबा समोरच्याला विचारतच नव्हते. उशिरा, फार उशिरा, एकाच माणसाला विचारत होते, आणि बाकीचे सगळे मधे येत होते. ती स्वतःसुद्धा.

मग तिला राग आला, बारीक, लहान मुलीसारखा. तुम्ही ठरवलं नाहीत, बाबा. आपल्यामागे ट्रंक कोण उघडणार हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच मला ढीग करायला शिकवलंत, आणि हे एवढं माझ्यासाठी ठेवून गेलात. पत्र तिच्या मांडीवर होतं आणि वजन काहीच नव्हतं त्याला. तरी मांडी जड झाली, रात्री ईश्वरी डोकं ठेवून झोपली की होते तशी. ईश्वरीला ताप आला की ती तिच्या श्वासांवरून रात्र काढायची. आणि तिकडे तळोज्यात एक बाई होती, जिच्या मुलाला तीन आठवडे झोप नव्हती आणि जिला ते अजून ठाऊक नव्हतं. सांगितलं तर तिला मुलाची भीती मिळेल, अडतीस वर्षांनी, ब्याऐंशीव्या वर्षी. आणि ज्याला ती इतकी वर्षं आपलं मानत आली तो जाईल. न सांगितलं तर...

‘आई, तू माझ्याशिवाय घर-सरकार खेळतेस?’ ईश्वरी दारात उभी होती, गालावर उशीच्या नक्षीचे वळ घेऊन. सुनीतीनं पत्र घाईनं खुर्चीवरच्या फ्रॉकखाली सरकवलं. ईश्वरी लगेच कामाला लागली. आबांचा कंगवा घर. आबांची टोपी सरकार. फुटका चष्मा, तिनं जरा विचार केला, शेगडी. मग परत उचलून घर. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

अम्मांना नात शायमा लिफ्टपर्यंत सोडून गाडी लावायला गेली होती. पांढऱ्या ओढणीतला तो लहानसा, सुकलेला चेहरा. सुनीतीचे दोन्ही हात हातात घेऊन त्या दारातच उभ्या राहिल्या. सुनीतीनं त्यांना सोफ्यावर बसवलं आणि सवयीनं म्हणाली, चहा ठेवते. ‘रोजा हाय बेटा. काय नको. तू बस जरा माझ्याजवळ.’ रमझान लागला हे ती विसरलीच होती. पाणीसुद्धा पुढे करता येत नव्हतं. आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी ठेवावं, एवढी साधी गोष्ट, पण या घरात अम्मांच्या हातात ठेवण्यासारखं आज एकच होतं, आणि ते आतल्या खोलीत फ्रॉकखाली होतं.

अम्मा हळूहळू बोलत राहिल्या, बऱ्याचशा स्वतःशीच. पेटी आणली तेव्हा जयप्रकाश अंगणात दोन तास उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही. पेटी उघडायची नव्हती, तर माझ्या आणि पेटीच्या मधे असा उभा राहिला की त्याचा शर्ट ओढून ओढून मी बटणं तोडली. मग मीच ती लावून दिली, दुसऱ्या दिवशी, तो निघताना. तेव्हापासून तो मला अम्मा म्हणायला लागला. एक गेला, एक देऊन गेला, असं मी धरून चालले. ‘दुनियेने मना काय काय सांगितलान. जयप्रकाशने कदी खोटा नाय सांगितलान.’ सुनीती त्यांच्या हातावरच्या निळ्या शिरा बघत होती. खाडीवरून दिवाळ्याच्या वाळत्या मासळीचा वास येत होता. आणखी एक विमान चढत होतं, चढत होतं, आणि आपण श्वास धरून ठेवला आहे हे तिला आवाज सपाट झाल्यावर कळलं.

अम्मांनी आतल्या दाराकडे मान वळवली. उघडी ट्रंक तिथून दिसत होती. ‘ह्या पेटीत,’ त्या म्हणाल्या, ‘त्याचा काय निघला नाय ना ग?’

‘नाही अम्मा,’ सुनीती म्हणाली. ‘काही नव्हतं.’

शब्द बाहेर पडले आणि तिला ते ओळखीचे वाटले. तोच ठेहराव, ‘नाही’नंतरची तेवढीच लहानशी विश्रांती. बाबा इतके जवळ तिला या सतरा दिवसांत कधी वाटले नव्हते.

अम्मांनी मान हलवली, दर वर्षीसारखी. मग मात्र, दर वर्षी न सांगितलेलं, त्या सांगू लागल्या. त्याची पत्रं होती माझ्याकडे, एकोणपन्नास, लोखंडी डब्यात. दोन हजार पाचच्या त्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं. तीन दिवसांनी डबा सापडला. दोरीवर चिमटे लावून वाळत घातली, तर अक्षरं सगळी पाण्याबरोबर निघून गेलेली. नुसते निळे कागद. जयप्रकाशला हे मी कधी सांगितलं नाही, त्याला वाईट वाटलं असतं. ‘काय लिवलान ता नको मना, बेटा. वाईट असंल, बरा असंल, ता अल्लाला ठावं. मना नुसता त्याचा हात बघायचा व्हता. तो अम्मा कसा लिवायचा, ता मी इसरलंय.’ आणि त्यांनी आपल्या तळव्यावर बोटानं काहीतरी गिरवलं, अर्ध्यावर थांबल्या, पुसलं, परत गिरवू लागल्या.

पत्राची पहिली ओळ सुनीतीच्या डोळ्यांसमोर होती. त्यातला तो ‘अ’, वर जरा फाटलेला, आणि जोडाक्षराच्या पोटात आलेला शाईचा ठिपका. फक्त तेवढी ओळ दिसेल अशी घडी घालता येईल का? बाकीचं मुडपून, वर हात ठेवून, घ्या अम्मा, हे बघा, एवढंच बघा? पण कुठल्या आईनं पत्राची एक ओळ वाचून कागद परत केला आहे? आणि आता कसं म्हणायचं, आत्ता नाही म्हटलं ते... अम्मांचं बोट तळव्यावर फिरत होतं.

तेव्हा आतून ईश्वरी आली. खांद्यावर सुईसकट लोंबणारा शाळेचा फ्रॉक आणि दोन्ही हातांत, ताटासारखा आडवा धरलेला, तो निळा कागद. अम्मांचं बोट थांबलं.

‘आई, हे माझ्या फ्रॉकखाली होतं,’ ती म्हणाली. ‘हे कुठल्या ढिगात ठेवू? घर, सरकार, की शेगडी?’